भरलेली बंदूक खुंटीला नको



ज्वारी हुरड्यात आली की आपली रात्र माळ्यावर जाते. कापसात रोही, ज्वारीत रानडुक्कर. गोफण चालवून, डबे बडवून जनावर हटत नाही, मग सभेत हमखास मागणी येते: बंदुकीचे परवाने द्या. मागणी रास्त आहे. पण बंदूक घरात आल्यावर ती सांभाळायची कशी, यावर बोलायला कुणी उठत नाही. आज ते बोलू.

सिंधुदुर्गात ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्या घरात जुनी आहे. तिथे भातात डुक्कर, माडावर माकडे, बागेत गवा. संघटनेच्या कामाने मालवणकडे एका घरी उतरलो होतो. पडवीत खुंटीला बंदूक होती. म्हाताऱ्या बाबांना विचारले, "रिकामी आहे ना?" "रिकामीच आसा," ते म्हणाले. टोपी नाही हे पाहून मी नळीत गज सोडला. तो तळाला टेकला नाही, चार बोटे वरच अडला. मागल्या हंगामाचा बार आत तसाच होता. खाली नातवंडे खेळत होती. बाबा मटकन खाली बसले.

बाबांना दोष देऊन काय उपयोग? काडतुसाची बंदूक उघडून डोळ्याने पाहता येते, ठासणीची येत नाही. म्हणून खात्री गजानेच करायची. नळी नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी येईल तिथे खूण कोरा. पुढे कधीही ती खूण नळीबाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे असे समजा. तपासताना आधी टोपी काढा, तोंड माणसांपासून दूर धरा, आपले डोके नळीसमोर आणू नका. अडकलेला जुना बार घरी उकरू नका. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे जा.

काळी दारू ओल धरते. चाप ओढला, टोपी वाजली आणि बार उडाला नाही, तर लगेच नळीत डोकावू नका. आत ठिणगी धुमसत असू शकते. निदान दोन मिनिटे तोंड मोकळ्या रानाकडेच ठेवा. न उडालेल्या बारावर दुसरा ठासला तर नळी फुटते. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू घातली तरी फुटते, तिचा जोर या नळीला पेलत नाही. डब्यातून थेट नळीत दारू ओतू नका, मापाने घाला. आणि त्या वेळी तोंडात विडी नको.

घरी येण्यापूर्वी बंदूक रिकामी झालीच पाहिजे. नळी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेलाचा बोळा फिरवा, नाहीतर दारूची राख लोखंड खाते. बंदूक एका कुलपात, दारू चुलीपासून लांब दुसऱ्या कुलपात, टोप्या तिसरीकडे. किल्ली घरधन्याच्या कमरेला, देव्हाऱ्यात नव्हे.

कायद्याचेही सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मान्य करते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली. पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. ती परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याचीच लागते. निवडणुकीत बंदूक जमा करण्याचा आदेश आला तर ती रिकामी करूनच ठाण्यात न्या आणि पावती घ्या.

पिकाची नासाडी झाली तर लगेच वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. भरपाई तुटपुंजी मिळते, उशिरा मिळते, त्यासाठी आपण भांडतो आणि भांडत राहू. पण घरातले पोर गेले तर भरपाई कोणाकडे मागणार?

पुढच्या जिल्हा बैठकीला बंदूक आणू नका. परवानाधारकांना मी एकच विचारणार आहे: गजावर खूण केली का?