बहिणीलाही रांगेतच ठेवणारा महापौर

जुलै १९४५. न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं पोचवणाऱ्यांचा संप. मोठ्यांची अडचण बातम्यांची, पण मुलांचं दुःख वेगळंच. रविवारच्या चित्रकथा चुकल्या! तेव्हा शहराचे महापौर फिओरेलो ला गार्डिया महापालिकेच्या रेडिओ केंद्रावर जाऊन बसले आणि चिरक्या आवाजात, हातवारे करत त्यांनी गुप्तहेर डिक ट्रेसीची गोष्ट वाचून दाखवली. शेवटी, हरामाचा पैसा कुणाला लाभत नाही, हेही बजावलं.

त्याच सुमारास त्यांची थोरली बहीण जेम्मा बर्लिनच्या ढिगाऱ्यांत, मुलगी आणि तान्ह्या नातवासह दिवस काढत होती.

ला गार्डियांचा जन्म १८८२चा, न्यूयॉर्कचाच. वडील इटालियन, लष्करी बँडचे प्रमुख. आई ज्यू. १८९८च्या युद्धात कंत्राटदारांनी लष्कराला सडकं मांस पुरवलं, ते खाऊन वडिलांनी अंथरूण धरलं आणि १९०४ साली ते गेले. कंत्राटदार हा शब्द ऐकला तरी मुलाचं डोकं फिरायचं, ते तेव्हापासून.

पुढे एलिस बेटावर, जिथे जहाजातून उतरलेल्या परदेशी लोकांची तपासणी व्हायची, तिथे ते दुभाषा झाले. दिवसा नोकरी, रात्री वकिलीचा अभ्यास. आरोग्य तपासणीत नापास झालेली म्हातारी परत पाठवली जायची आणि तिची मुलं धक्क्यावर रडत राहायची, हे त्यांनी तीन वर्षं पाहिलं. १९१६ साली ते संसदेवर निवडून गेले, पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढून आले. १९२१ साल मात्र काळ बनून आलं. तान्ही मुलगी गेली, आणि त्याच वर्षी पत्नी थिया क्षयानं गेली.

शहरावर तेव्हा ‘टॅमनी हॉल’ या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांच्या टोळीचं राज्य होतं. मतं द्या, नोकरी घ्या, असा रोकडा हिशेब. १९२९च्या निवडणुकीत ला गार्डिया जिमी वॉकर या छानछोकी महापौरांकडून सपाटून हरले. पण भ्रष्टाचाराच्या चौकशीत सापडलेल्या वॉकरना १९३२ साली राजीनामा द्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी ला गार्डिया निवडून आले. आपल्याकडे महापौर म्हणजे मानाची खुर्ची, कारभार आयुक्तांच्या हाती. न्यूयॉर्कात खरी सत्ता महापौराचीच. ती त्यांनी १९३४ ते १९४५ अशी सलग बारा वर्षं गाजवली.

जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीचा हा माणूस जुगाराची यंत्रं हातोड्यानं फोडताना फोटोत दिसे. एकदा विमान शेजारच्या नेवार्कला उतरलं, तर हे जागेवरून उठेनात. तिकीट न्यूयॉर्कचं आहे, न्यूयॉर्कलाच न्या! अखेर विमानाला पुन्हा उडावं लागलं. त्यांच्या या हट्टातूनच १९३९ साली शहराला नवा विमानतळ मिळाला. आज त्याला त्यांचंच नाव आहे. कोंदट चाळी पाडून गरिबांसाठी सरकारी वसाहती उभारण्याचं काम तर त्यांनी घरचंच असल्यासारखं केलं. थियाच्या मरणानंतर ते घरचंच होतं.

तापट इतके, की हाताखालची माणसं थरथरत. आणि सगळ्यांना एकच न्याय म्हणणाऱ्या या माणसानं १९४४ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांना न्यूयॉर्कमध्ये वसवायला विरोध केला. हा डाग पुसता येत नाही.

हिटलरवर ते उघड तुटून पडत. जेम्मा लग्न होऊन बुडापेस्टला राहत होती. न्यूयॉर्कच्या महापौरांची बहीण म्हणूनच नाझींनी तिला १९४४ साली पकडलं आणि राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत ओलीस ठेवलं. पती माउटहाउसेनच्या छावणीत मेला. सुटका झाली तेव्हा तिच्याजवळ ना घर होतं, ना कागदपत्रं.

महापौरपद सोडल्यावर १९४६ साली ला गार्डिया संयुक्त राष्ट्रांच्या युद्धग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. म्हणजे लाखो निर्वासितांची सोय ज्यांनी पाहायची, तेच. बहिणीनं अमेरिकेला येण्यासाठी लवकर परवाना मिळवून द्यायची विनवणी केली. भावाचं उत्तर आलं : तुझ्यासारखे लाखो आहेत, तुझ्यापुरता अपवाद करता येणार नाही. पैशांची मदत त्यांनी पाठवली, पण रांगेत पुढे काढलं नाही. एलिस बेटावरच्या त्या रडणाऱ्या मुलांची त्यांना तेव्हा आठवण झाली असेल का? त्यांच्या जागी दुसरा कुणी भाऊ असता, तर एक फोन केला असता आणि कुणी नावं ठेवली नसती.

जेम्मा १९४७ साली न्यूयॉर्कला पोचली. काही महिन्यांतच, २० सप्टेंबरला, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं ला गार्डिया गेले. मागे राहिलं ते एक गहाण घर आणि आठ हजार डॉलरचे युद्धरोखे.

जेम्मा आणखी पंधरा वर्षं जगली. क्वीन्स भागातल्या एका सरकारी वसाहतीत ती मुलगी आणि नातवाबरोबर राहायची. ती वसाहत तिच्या भावाच्याच कारकिर्दीत उभी राहिली होती.