फुकट धुलाईऐवजी उघड हिशेब
सामाईक धुलाईयंत्रांच्या वापरकर्त्यांसाठी पत्रक

अमेरिकेतील वसतिगृहांत आणि भाड्याच्या इमारतींत सामाईक धुलाईयंत्रांचा ठेका बहुधा एकाच कंपनीकडे असतो, कमाईतला वाटा अनेकदा जागेच्या मालकालाही मिळतो आणि दुसरा पर्याय नसलेला रहिवासी मागितला तो दर मोजतो. निवडीला वावच नसलेल्या अशा दराला बाजारभाव म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

जानेवारी 2024 मध्ये सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना सीएससी सर्व्हिसवर्क्स या कंपनीच्या यंत्रणेत सुरक्षा-त्रुटी, म्हणजे परवानगीवाचून आत शिरू देणारी उणीव, आढळली. खात्यात पैसे आहेत की नाहीत हे ग्राहकाच्या फोनमधील अ‍ॅपच तपासत असे आणि सर्व्हर, म्हणजे कंपनीचा मध्यवर्ती संगणक, आलेली आज्ञा शहानिशा न करता मानत असे. परिणामी शिल्लक शून्य असतानाही यंत्र सुरू होई. विद्यार्थ्यांनी कंपनीला कळवले, उत्तर न आल्याने अशा त्रुटी संबंधित कंपन्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या, कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट समन्वय केंद्राला कळवले आणि काही महिने थांबून मे 2024 मध्ये ही त्रुटी जगजाहीर केली.

अशी त्रुटी फुकट धुलाईसाठी वापरणारा म्हणेल, ‘लुबाडणाऱ्याला लुबाडले तर बिघडले कुठे?’ पण हा युक्तिवाद लंगडा आहे. गुपित जाणणाऱ्याचे कपडे फुकट धुतले जातात, पण शेजारच्या खोलीतील अजाण रहिवासी तोच दर भरत राहतो आणि दरवाढीसाठी कंपनीला आयते निमित्त मिळते. महाराष्ट्रातून तेथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा तर धुलाईच्या काही डॉलरांपायी व्हिसाही धोक्यात येऊ शकतो. याउलट, सद्‌भावनेने त्रुटी शोधणाऱ्या संशोधकांवर खटले भरू नयेत, असे धोरण अमेरिकेच्या न्याय विभागाने मे 2022 मध्येच जाहीर केले आहे.

तथापि जी कंपनी पैसे घेताना तत्पर आणि इशारा ऐकताना बहिरी असते, तिला ‘चोरी’ची ओरड करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. म्हणून रहिवाशांनी एकत्र येऊन पुढील मागण्या लावून धराव्यात:

1. ठेक्याचा करार आणि मालकाला मिळणारा वाटा जाहीर करावा.
2. रहिवाशांच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून दर वाढवू नयेत.
3. त्रुटी कळवण्याची सोय ठेवावी आणि कळवणाऱ्यावर कारवाई करू नये.

या मागण्या मान्य होवोत वा न होवोत, त्रुटी सापडलेल्या प्रत्येकाने ती स्वतःपुरती वापरू नये आणि लपवूही नये.