गाव विकण्याचे शिक्षण

'डेस्टिनेशन मार्केटिंग' नावाचा एक विषय आता आपल्या विद्यापीठांतून शिकवला जातो. 'पर्यटनस्थळांचे विपणन' असे भारदस्त नाव त्याला दिले, तरी अर्थ एवढाच की, गाव हा माल समजावा, पाहुणा हे गिऱ्हाईक समजावे आणि मालाला उठाव कसा येईल याचे शास्त्र तरुणांच्या गळी उतरवावे. जोडीला 'शाश्वत पर्यटन' हा दुसरा पाठ असतो. पहिल्याने जखम करावयाची आणि दुसऱ्याने तिच्यावर फुंकर घालावयाची, अशी ही श्रमविभागणी आहे.

राज्य सरकारच्या 2024 च्या पर्यटन धोरणाने दहा वर्षांत 1 लाख कोटी रुपयांची खाजगी गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार यांचे स्वप्न रंगवले. सोलापुरात त्याची चाहूल आधीच लागली होती. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. 2025 मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली. जुळे सोलापुरातील वसाहतींना आता विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. परंतु या शहराने नळाच्या पाण्याची वाट वर्षानुवर्षे चार-चार दिवस पाहिली आहे. येथे उद्या तारांकित हॉटेले आली, तर त्यांच्या तलावांना पाणी कोणाच्या वाट्याचे मिळणार, हा प्रश्न कोणत्या प्रश्नपत्रिकेत विचारला जातो?

मुळात सोलापूर जिल्ह्याला पाहुण्यांची वाण कधीच नव्हती. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. त्यांना कोणत्याही जाहिरात कंपनीने बोलावलेले नसते. उणीव आहे ती येणाऱ्यांच्या सोयीची आणि त्यांच्यामागे राबणाऱ्यांच्या सन्मानाची. एकादशी सरल्यावर मागे उरणारी घाण माणसांनाच हातांनी उचलावी लागते, ही गोष्ट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली. अशा प्रथेला बंदी घालणारा पहिला कायदा 1993 चा, दुसरा 2013 चा. पर्यटनाचा पहिला धडा वाळवंटातील या सफाई कामगारापासून सुरू व्हावयास हवा. आपला अभ्यासक्रम मात्र बोधचिन्ह आणि घोषवाक्य यांपासून सुरू होतो.

'शाश्वत' या शब्दाचीही परीक्षा जिल्ह्याने पाहिली आहे. माळढोक पक्ष्यासाठी नान्नजचे अभयारण्य 1979 साली जाहीर झाले, तेव्हा सुमारे 8,500 चौरस किलोमीटर प्रदेश कागदावर त्यात ओढला गेला. शेतकऱ्याला विश्वासात न घेता त्याच्या जमिनीवर निर्बंध आले. पुढे क्षेत्र छाटून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पक्षी मात्र दिसेनासा होत गेला. माणसाला वगळून निसर्ग राखता येत नाही, हा त्याचा धडा.

आमच्यावर आक्षेप येईल की, गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग धापा टाकत आहेत, पोरे पुण्याची गाडी पकडतात. अशा वेळी पर्यटनाचा रोजगार का नाकारता? आम्ही तो नाकारीत नाही. काम हवेच. परंतु कोणते काम? हंगामापुरते, कंत्राटी, किमान वेतनाच्या कागदाबाहेरचे? विडी वळणाऱ्या आईच्या मुलीने पदवी घेऊन हॉटेलात बिनपगारी 'प्रशिक्षण' करावे, याला प्रगती म्हणावयाचे काय?

1987 साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर नेला. त्याच वर्षी चार्टर विमानांतून येणाऱ्या पर्यटनाविरुद्ध गोव्यात 'जागृत गोंयकारांची फौज' रस्त्यावर होती. 2024 मध्ये बार्सिलोनाचे रहिवासी घरभाडे परवडेना म्हणून पर्यटकांविरुद्ध उभे राहिले. गाव बाजारात मांडले की गावकरीच त्यात परका होतो. त्याला समुद्रापलीकडचे श्रीमंत शहरही अपवाद नाही.

सोलापूर विद्यापीठ 2004 साली एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले आणि 2019 पासून अहिल्यादेवी होळकरांचे नाव लावते. ज्या राज्यकर्तीने देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, तिच्या नावाच्या विद्यापीठाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. पर्यटनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात किमान वेतन आणि कामगार कायदे सक्तीचे करा. पाणी आणि मैला यांचा हिशेब विद्यार्थ्यांकडून गावोगाव मांडून घ्या आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. प्रशिक्षणार्थीला वेतन द्या. अभ्यास मंडळावर सफाई कामगारांचा आणि विणकरांचा प्रतिनिधी घ्या. आपल्या कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन अधिसभेच्या दारात जावे.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले, ते विठ्ठलाचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून. गावात कोण येतो, किती पैसे टाकून येतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता; दाराबाहेर कोण उभा ठेवला जातो, हा होता. पर्यटन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा एक प्रश्न विचारता आला, तर बाकीची पुस्तके त्याने नंतर वाचली तरी चालतील.