व्हाइसरॉयचा वाडा गेला, चौकट उरली. पन्हाळ्याने यातून काय शिकावे?

कोल्हापूरहून गोव्याला गेलेले बहुतेक जण ओल्ड गोव्यात थांबतात. बॅसिलिका, से कॅथेड्रल, दोन-चार सेल्फी आणि गाडी पणजीकडे. जवळच सेंट कॅजेटन चर्चपाशी एक दगडी चौकट उभी आहे. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. प्रत्यक्षात पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा कारभार जिथून चालायचा, त्या वाड्याची ही शेवटची खूण आहे.

वाडा नेमका कोणाचा?

मूळ वाडा विजापूरच्या आदिलशहाचा. अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे पुन्हा जिंकले आणि नवे राज्यकर्ते जुन्या राजाच्या घरात राहू लागले. शहरात आदिलशाही वाडे दोन होते. सुरुवातीचे गव्हर्नर ‘साबायो’ वाड्यात राहत. आदिलशहाला पोर्तुगीज साबायो म्हणत. १५५४ मध्ये व्हाइसरॉयचा मुक्काम मांडवीकाठच्या किल्लेवजा वाड्यात हलला. रिकाम्या साबायो वाड्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय आले. आज साबायो वाडा पूर्ण नाहीसा झाला आहे. उरलेली चौकट व्हाइसरॉयच्या वाड्याची मानली जाते.

मग तो पडला कसा?

लढाईत नाही. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये गोव्यावर स्वारी केली, तेव्हा व्हाइसरॉय हादरला आणि राजधानी मुरगावला हलवण्याच्या तयारीला लागला. पण वाडा तेव्हाही उभा होता. शहर रिकामे केले ते साथीच्या रोगांनी. १६९५ मध्ये व्हाइसरॉय शहराबाहेर राहायला गेला आणि १७५९ मध्ये पणजीला. तिथेही आदिलशहाच्याच वाड्यात. मागे राहिलेला वाडा १८२० मध्ये सरकारी हुकमाने पाडला गेला आणि त्याचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेले. वापर थांबला, की इमारत दगडाची खाण होते.

आज अडचण काय?

युनेस्कोने १९८६ मध्ये ओल्ड गोव्याला जागतिक वारसा ठरवले, ते ‘गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट’ या नावाने. साहजिकच लक्ष जाते उभ्या चर्चकडे. सत्तेचे घर जिथे होते ती जमीन पर्यटकाला मोकळी जागा वाटते आणि मोकळी वाटणारी जागा सगळ्यात आधी धोक्यात येते. २०२१ मध्ये याच वारसा परिसरातल्या एका बंगल्याच्या बांधकामावरून गोव्यात मोठे आंदोलन झाले.

पन्हाळ्याचा संबंध काय?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ले आले. त्यात पन्हाळा आहे. इथेही आदिलशाहीच्या खुणा आहेत. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबारखाना या वास्तू उभ्या आहेत, म्हणून त्या जपल्या जातील. प्रश्न आहे तो गवतात बुडालेल्या चौथऱ्यांचा आणि जमिनीखालच्या पायांचा. त्यांचा सेल्फी निघत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप खरा आहे. पन्हाळ्यावर आजही गाव नांदते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आणि जुन्या घराच्या दुरुस्तीलाही मंजुरी. वारसा जपायचा म्हणजे रहिवाशांनी गळकी कौलेही बदलायची नाहीत का?

उत्तर सरसकट बंदीत नाही आणि सरसकट सुटीतही नाही. ते मोजणीत आहे. जमीन न खोदता आत काय आहे हे पाहणारे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार आज उपलब्ध आहे. ते पाया, भिंत, हौद यांचा अंदाज देते. खात्री मात्र उत्खननानेच होते. कुठे जपणे अत्यावश्यक आणि कुठे दुरुस्तीला मोकळीक, हे अशा नकाशावरून ठरवता येईल. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद २०१० च्या कायदा दुरुस्तीत आहेच. नकाशा नसेल, तर नियम फक्त सामान्य माणसाच्या दारात येऊन थांबतो.

दुसरे काम स्वस्त आहे. गेलेल्या वास्तूचा आराखडा जमिनीवर दगडी पट्टीने दाखवायचा, शेजारी मराठीत फलक आणि क्यूआर कोड लावायचा. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. माहितीच तिथे नाही.

ओल्ड गोव्यात हे करायला उशीर झाला. जगाची सत्ता हलवणाऱ्या वाड्याची तिथे फक्त चौकट उरली. पन्हाळ्याला युनेस्कोचा मान मिळाला आहे. आता यादी उभ्या बुरुजांची करायची की त्यांच्या पायाखालच्या जमिनीचीही, हे कोल्हापूरकरांनी आत्ताच विचारायला हवे.