मागच्या सीटवरचा कणा

तपासणीची तारीख जवळ आली की घरातील वृद्ध व्यक्ती ‘या खेपेस राहू द्या, मला बरे वाटते आहे’ असे म्हणू लागते. आपण त्याचा अर्थ डॉक्टरांची भीती, खर्चाचा संकोच किंवा म्हातारपणाचा हट्ट असा लावतो. एक साधा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. त्यांना दवाखाना नको आहे, की दवाखान्यापर्यंतचा प्रवास?

वर्धा जिल्ह्यापुरते पाहू. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही मोठी रुग्णालये वर्धा शहरालगत आहेत. रुग्ण मात्र आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर अशा दूरच्या तालुक्यांतूनही येतात. हमरस्त्यावर एस.टी. मिळते, पण गावापासून हमरस्त्यापर्यंतचा पांदण रस्ता बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या मोटारसायकलवरच पार होतो. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावर अंथरलेले डांबर फार काळ सपाट राहू देत नाही. पूर्वी रेंगीत किंवा दमणीत बसताना म्हाताऱ्या माणसाखाली गवत पसरून वर गोधडी घालण्याची रीत होती. मोटारसायकलवर ते काम मागच्या चाकाच्या दोन बाजूंना असलेले शॉकअप करतात. गोधडी फाटली तर सर्वांना दिसते; शॉकअप निकामी झाला तर तो ज्याच्या पाठीला जाणवतो, त्याला पुष्कळदा बोलता येत नाही.

हे असे का होते, ते थोडे समजून घेऊ. गाडी चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो पायावर भार घेऊन किंचित उचलला जातो आणि त्याचे शरीर तयार असते. मागे बसलेल्यास समोर केवळ सदऱ्याची पाठ दिसते. शिवाय त्याची जागा जवळपास मागच्या चाकाच्या वरच असते, त्यामुळे त्या चाकाचा धक्का सर्वाधिक त्यालाच बसतो. शॉकअपही एका दिवसात बिघडत नाही. महिन्यामहिन्याने कमी होत जाणाऱ्या मऊपणाची रोज चालवणाऱ्यास सवय होऊन जाते. ‘गाडी ठीक आहे’ असे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

वयोमानाने, स्त्रियांत विशेषतः मासिक पाळी थांबल्यानंतर, हाडे विरळ होत जातात. अशा पाठीला उभा धक्का बसला की मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा होऊ शकतो. छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला या दोन मणक्यांच्या आसपास हे अधिक घडते, कारण तिथे फासळ्यांनी धरलेला ताठ भाग संपून हलणारा भाग सुरू होतो. बसच्या शेवटच्या बाकावरील प्रवाशांचे मणके गतिरोधकावरून जाताना मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून वेळोवेळी आलेल्या आहेत. तेव्हा ‘पडल्याशिवाय हाड कसे मोडेल’ ही समजूत सोडलेली बरी. अनेकदा मणका असा खचतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि आपण ते वयावर घालतो. याशिवाय, बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा होणाऱ्या वरखाली कंपनांत सर्वांत अधिक हलतो. म्हणून एका मोठ्या खड्ड्याइतकीच तासभराची थरथरही थकवते.

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का तिला परत द्यावा लागतो. तिच्या आत असलेल्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि ते उसळणे शमवते. तेल गळून गेले की स्प्रिंग शाबूत दिसत असूनही गाडी पाळण्यासारखी डोलते. तपासणी अगदी सोपी आहे. गाडी सरळ धरून मागची सीट दोन्ही हातांनी दाबावी आणि सोडावी. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोनतीन वेळा वरखाली झाली तर तेलाचे काम संपले. दांड्यावर ओलसर तेल आणि त्यावर चिकटलेली माती दिसली तरी निदान तेच. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, त्याच दिवशी ही परीक्षाही करून टाकावी, असे मला वाटते.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. शॉकअपच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. अनेक गाड्यांत तिला पाच टप्पे असतात. खताचे पोते किंवा कापसाचे गाठोडे वाहता यावे म्हणून ती पुष्कळ घरी सर्वांत कडक टप्प्यावर नेलेली असते आणि तशीच राहते. मग त्याच गाडीवर चाळीस-पंचेचाळीस किलोची आजी बसते. तिच्या वजनाने स्प्रिंग हलतच नाही. लहानसहान धक्के जसेच्या तसे पाठीत जातात. ही कडी दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर आणून मऊ केली, तर एक पैसाही न लागता फरक पडतो. मागच्या टायरची हवाही गाडीच्या पुस्तिकेत दोघांच्या स्वारीसाठी दिली असेल तेवढीच ठेवावी. दगडासारखा कडक टायर हा वृद्धांचा शत्रूच. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी तुकडे बाजारात मिळतात, त्यांनी गाडी आणखी कडक होते. वृद्धांसाठी ते घेऊ नयेत.

एवढे करूनही गाडी डोलत असेल, तर शॉकअप बदलावेत, आणि ते जोडीनेच. एक नवा व एक जुना ठेवल्यास चाकावरचा भार विषम होतो. दोन्ही बाजूंना उघडे शॉकअप असलेल्या गाडीवर, मग ती रोजची शंभर सीसीची असो वा लांबच्या प्रवासाची बुलेट, हे काम घरच्या अंगणात होऊ शकते. मधोमध एकच शॉकअप असलेली गाडी मात्र गॅरेजमध्येच न्यावी. तिला बरेच सुटे करावे लागते. नवी जोडी गाडीच्या नमुन्याचीच असावी. वरच्या व खालच्या छिद्रांमधील अंतर जुन्याएवढेच हवे. उंच शॉकअपने सीट वर जाते, आणि ज्यांचा गुडघा वर उचलत नाही त्यांच्या दृष्टीने चार बोटेही फार असतात.

इंजिन थंड झाल्यावर गाडी सपाट, टणक जमिनीवर डबल स्टँडला लावावी. मागचे चाक अधांतरी राहते, म्हणून त्याखाली बरोबर मावेल अशी लाकडी फळी सरकवावी. सुरुवातीलाच मोबाइलवर छायाचित्र घ्यावे : कोणता वायसर आत, कोणता बाहेर, मागे धरायच्या दांड्याचे टोक कुठे. तो दांडा बऱ्याच गाड्यांत शॉकअपच्या वरच्या नटाखालीच असतो. एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप काढावा, हा या कामातील मुख्य नियम. दुसऱ्या बाजूचा जागेवर असला म्हणजे चाक आणि त्याला धरणारा चिमटा खाली पडत नाही. वरचा नट आणि खालचा बोल्ट रिंग पान्याने सैल करावेत. गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. सायलेन्सर आड येत असेल तर त्याचा बोल्ट ढिला करावा लागतो. नवा शॉकअप आधी वर अडकवावा. खालचे छिद्र जुळत नसेल तर हातोडी न मारता चाकाखालची फळी किंचित वरखाली करावी. रबरी बुश बसत नसेल तर साबणाचे पाणी लावावे, तेल नको. तेलाने रबर फुगते. दोन्ही बाजू झाल्यावर गाडी स्टँडवरून उतरवून नट पुस्तिकेत सांगितल्याइतके घट्ट करावेत, मग चेनचा ताण पाहावा. जुना शॉकअप कुतूहलापोटी उघडू नये. त्यातील स्प्रिंग दाबून बसवलेली असते, काहींत दाबाखालील वायूही असतो.

या कामात घरच्या आजोबांना बाजूला बसवू नका. ज्यांनी राजदूत किंवा बुलेट चालवली आहे त्यांचा कान अजून शाबूत असतो. वाटीत नट-वायसर क्रमाने मांडून ठेवणे, पुस्तिका वाचून दाखवणे, दिवा धरणे ही कामे खुर्चीत बसून होतात. वाकणे आणि गाडी उचलणे मात्र तरुणांनीच करावे.

पहिली फेरी एकट्याने, दुसरी एखाद्या धडधाकट माणसाला मागे घेऊन करावी. घरातील वडीलधाऱ्यांना त्यानंतर बसवावे. आठवड्याने नट पुन्हा तपासावेत. चढण्या-उतरण्यासाठी गाडी ओट्याला किंवा पायरीला लावावी आणि चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभे राहावे. एका अंगावर बसल्याने कंबरेला पीळ पडतो. जमत असेल त्यांनी दोन्हीकडे पाय टाकून बसावे, मग ती आजी असली तरी. मागे धरायचा दांडा, पाय ठेवायची जागा आणि चाकावरची जाळी या तिन्ही गोष्टी कायद्यानेही आवश्यक आहेत. हेल्मेट मागच्या व्यक्तीसही हवेच.

मणका पूर्वी खचलेला असेल, हाडांच्या ठिसूळपणाचे निदान झाले असेल किंवा नुकतीच खुब्याची वा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर नव्या शॉकअपच्या भरवशावर निघू नका. आधी डॉक्टरांना विचारा आणि शक्यतो चारचाकीची सोय करा. एखाद्या धक्क्यानंतर पाठीत अचानक तीव्र कळ आली आणि उठता-बसता ती वाढत असेल, तर मालीश किंवा शेक करत न बसता त्याच दिवशी दाखवा. पायांत बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर तासाचाही विलंब नको. अशा वेळी रुग्णास पुन्हा मोटारसायकलवर बसवू नका. १०८ वर दूरध्वनी करा आणि गाडी येईपर्यंत त्यांना सपाट निजवून ठेवा.