थायरॉइड शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

थायरॉइडची कर्कगाठ काढली की घरचे खाते मिटल्यासारखे निश्चिंत होतात. परंतु हा रोग काही वर्षांनीही परतू शकतो. गाठ 4 सेंटीमीटरहून मोठी असणे, आवरणाबाहेर किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव, मानेतील लसिकाग्रंथींत प्रसार, पेशींचा आक्रमक प्रकार यांमुळे धोका वाढतो. या नोंदी पॅथॉलॉजी अहवालात असतात. तो खातेवहीसारखा जपावा. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय असो वा मुंबईचे टाटा रुग्णालय, पुढील उपचार ठरविताना तो लागतोच. थायरोग्लोब्युलिनची तपासणी व मानेची सोनोग्राफी वेळेवर करावी. पर्युषणात पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; थायरॉक्सिनची गोळी परस्पर थांबवू नये. ती थांबली, तर वाढणारे टीएसएच उरल्यासुरल्या रोगपेशींना बळ देऊ शकते.