शेरा आला म्हणून वही फाडायची नसते



गेल्या वर्षी पर्यूषणाच्या आधी आमच्या महिला मंडळाने पॅप तपासणीचं शिबिर घेतलं. बहुतेकींचे रिपोर्ट नॉर्मल आले. माझ्या धाकट्या जावेच्या कागदावर मात्र ‘ए-एस-सी-यू-एस’ अशी अक्षरं होती. तिने तो कागद घडी करून कपाटात शालूखाली ठेवला. मधे एकीलाच विचारलं, तर तिने सल्ला दिला, “पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.” चार महिन्यांनी माझ्यापाशी येऊन रडली. “आक्का, माझ्या अशुभ कर्माचा उदय झालाय.”

मी बी.कॉम. झालेली गृहिणी आहे, डॉक्टर नाही. पण लग्नाआधी दोन वर्षं ऑडिटच्या ऑफिसात काम केलं, तिथलं एक लक्षात आहे. ऑडिटर हिशेबात शेरा मारतो, ‘खुलासा करावा.’ शेरा म्हणजे अफरातफर नव्हे. पण त्याला उत्तर दिल्याशिवाय वही बंदही करता येत नाही. आपण बायका या रिपोर्टच्या बाबतीत एक तर वही कपाटात लपवतो, नाही तर फाडून टाकतो. दोन्ही चूक.

मी जावेला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. ‘ए-एस-सी-यू-एस’ म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण का ते ठरवता येत नाही. पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा, साधी सूज, यानेही असं दिसतं. ‘एल-सिल’ म्हणजे सौम्य बदल. तो बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे असतो. हा विषाणू बहुतेक बायकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे धोका असतो, आणि कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे वेळ असतो, पण तो वाया घालवण्यासाठी नव्हे.

यापुढे रस्ते तीन. पहिला, वर्षभराने पुन्हा पॅप. दुसरा, एचपीव्हीची तपासणी. ती निगेटिव्ह आली तर ‘ए-एस-सी-यू-एस’वाल्या बाईला साधारण तीन वर्षांनी बोलावतात, पॉझिटिव्ह आली तर दुर्बिणीने तपासतात. तिसरा रस्ता म्हणजे थेट ही दुर्बिणीची तपासणी, कोल्पोस्कोपी. पिशवीच्या तोंडाला औषध लावून बघतात, संशय वाटला तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. दवाखान्यातच होते, पोट उघडावं लागत नाही.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या शेवटी याच तीन रस्त्यांची तुलना करणारा मोठा अभ्यास झाला. ‘ए-एस-सी-यू-एस’ आलेल्यांत एचपीव्ही तपासणीने धोक्याच्या जवळजवळ सगळ्या बायका सापडल्या, आणि जवळपास निम्म्या जणींची दुर्बीण टळली. ‘एल-सिल’मध्ये मात्र पाचांपैकी चारांहून जास्त जणींना विषाणू निघाला, म्हणून तिथे या तपासणीने निवड फारशी होत नाही. त्या बायकांना डॉक्टर बहुधा थेट दुर्बिणीकडे पाठवतात. वय पंचविशीच्या आत असेल, दिवस गेले असतील किंवा पाळी गेली असेल, तर सल्ला बदलतो. म्हणून आपलं वय आणि जुने रिपोर्ट घेऊन जा आणि विचारा, “माझ्यासाठी यातला कुठला?”

आता माझं मत. वर्षभराने पुन्हा पॅप हा रस्ता चांगला आहे, पण तारीख पाळणाऱ्या बाईसाठी. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास आपण तीस-तीस वर्षं चुकवत नाही. पण स्वतःच्या तपासणीची तारीख? आधी चातुर्मास, मग भाचीचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण. म्हणून आपल्या वयाच्या बायकांनी ‘ए-एस-सी-यू-एस’ आलं, तर परवडत असेल तिथे एचपीव्ही तपासणी मागून घ्यावी. पैसे जास्त लागतात, पण वर्षभराची टांगती तलवार जाते. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. जिथे एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले होते. त्या खेड्यापाड्यांतल्या बायका होत्या, आपल्यासारख्याच.

आणि पिशवी काढणं हे सौम्य बदलावरचं उत्तर नाही. असं कोणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

एक नाजूक गोष्ट. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की बाई खचते, किंवा नवऱ्याकडे संशयाने बघते. तो इतका सर्रास आढळतो की संसार केलेल्या बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी आला, कोणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. म्हणून त्यावरून कोणाच्या शीलाचा हिशेब मांडू नये.

थांबायचं कुठे नाही, तेही सांगते. रिपोर्टमध्ये ‘एच-सिल’ किंवा ‘ए-एस-सी’पुढे ‘एच’ असेल, तर तो सौम्य नव्हे. पाळी गेल्यावर अंगावर लाल गेलं किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर रिपोर्ट काहीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. अंगावर काढू नका.

जावेने एचपीव्ही तपासणी केली. निगेटिव्ह आली. तीन वर्षांनंतरची तारीख तिने घरखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. दर दिवाळीला नवी वही घालताना ती तारीख पुढे उतरवायची, असं आमचं ठरलंय.

कर्माचा उदय म्हणून हात जोडून बसा, असं आपला धर्म सांगत नाही. पुरुषार्थही सांगतो. चार दानांत औषधदान आहे, तसं अभयदानही आहे. तुमच्या ओळखीत कोणी असा कागद साडीखाली ठेवला असेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. माझ्या मते तेही अभयदानच.